स्क्रीनचा अतिवापर : मोठ्या माणसांनी उपचार कुठे आणि कसे सुरू करावेत

मूल मोबाइल सोडत नाही म्हणून समुपदेशकाकडे धाव घेणारे आईबाप आता पुष्कळ दिसतात. स्वतःचाच फोन सुटत नाही म्हणून येणारी मोठी माणसं मात्र थोडी, आणि जी येतात ती फार उशिरा. तोवर झोपेचं खोबरं झालेलं असतं, ऑफिसात बोलणी खाऊन झालेली असतात, घरात एकमेकांशी धड बोलणं उरलेलं नसतं. 'एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी डॉक्टरकडे जातं का' हा विचार पाय मागे ओढतो. जातात, आणि जायलाच हवं. त्रास होतोय, एवढं कारण पुरेसं आहे.

आपला वापर हाताबाहेर गेलाय हे ज्यांना कळलंय, पण कोणाला फोन करायचा, तिथे काय विचारतील, किती पैसे लागतील हे माहीत नाही, अशांसाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. दारूच्या उपचारात 'कायमची बंद' हे ध्येय ठेवता येतं. फोनचं तसं करता येत नाही. यूपीआय त्यात, ऑफिसचे मेल त्यात, शाळेचा ग्रुप त्यात, गावाकडच्या आईचा व्हिडिओ कॉलही त्यातच. म्हणून चांगला उपचार फोन काढून घेण्यापासून सुरू होत नाही. फोन तुमच्या आयुष्यात नेमकं कोणतं काम करतोय, कोणती पोकळी भरतोय, हे शोधण्यापासून तो सुरू होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी ठरवा : मदत खरंच हवी आहे का?

तास मोजून उत्तर मिळत नाही. व्हिडिओ एडिटिंग करणारा माणूस दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर बसतो आणि रात्री शांत झोपतो. दुसरा एखादा दिवसाला तीनच तास रील्स बघतो, पण ते तीन तास मध्यरात्री बारा ते तीन असतात. तास कमी असले तरी मदतीची गरज त्या दुसऱ्याला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार हा स्वतंत्र आजार म्हणून आहे. हे वर्गीकरण मे २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यातल्या तीन कसोट्या इतर स्क्रीन-वापरालाही लावून बघायला उपयोगी पडतात. वापरावर ताबा राहिलेला नाही. बाकीची कामं, माणसं, आवडी मागे पडून स्क्रीन पुढे आलेली आहे. आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही वापर चालूच आहे. गेमिंगच्या निदानासाठी हे साधारण बारा महिने चाललेलं असावं लागतं. मदत मागायला मात्र बारा महिने थांबायचं काहीच कारण नाही.

रील्स, सोशल मीडिया, वेब सिरीज किंवा ऑनलाइन खरेदी यांच्या अतिवापराला या वर्गीकरणात स्वतंत्र आजाराचं नाव नाही. त्यामुळे केसपेपरवर 'मोबाइलचं व्यसन' असं लिहिलेलं दिसलं नाही तर डॉक्टरांनी आपलं म्हणणं मनावर घेतलं नाही असं समजू नका. तिथे बहुधा चिंता, नैराश्य, निद्रानाश यांपैकी काहीतरी लिहिलेलं असेल, आणि ते बरोबरही असू शकतं. अतिवापराच्या खाली दुसरंच काही दुखत असतं, असं वारंवार आढळतं.

ऑनलाइन चाचण्यांबद्दल थोडक्यात. किंबर्ली यंग यांनी १९९८ मध्ये तयार केलेली वीस प्रश्नांची इंटरनेट चाचणी आजही वापरात आहे. ती सोडवायला हरकत नाही, पण आलेल्या गुणांवरून स्वतःला आजारी किंवा ठणठणीत ठरवू नका. तो कागद पहिल्या सेशनला सोबत न्या, त्यावरून बोलणं सुरू होतं.

काही बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नका. जगणं नको वाटत असेल. गेम किंवा सट्ट्याच्या अ‍ॅपपायी कर्ज झालं असेल आणि ते घरात लपवलं असेल. सलग काही रात्री झोपच लागली नसेल. अशा वेळी आठवड्याच्या नोंदी वगैरे सगळं बाजूला ठेवून आजच टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११२, किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

जाण्याआधी आठवडाभर नोंदी ठेवा

ही पायरी फुकटची आहे आणि सगळ्यात कामाची. बरेच लोक पहिल्या सेशनला येऊन 'सारखा फोन बघतो' एवढंच सांगतात. 'सारखा' म्हणजे कधी, कुठे, कशानंतर, हे शोधण्यात मग दोन सेशन जातात. त्याचे पैसे तुमचेच असतात.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनवर 'स्क्रीन टाइम' असतं. त्यात कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला आणि दिवसात फोन किती वेळा उघडला, दोन्ही दिसतं. आठवडाभराचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. या आठवड्यात वापर कमी करायचा प्रयत्न करू नका. जसं चाललंय तसंच चालू द्या, नाहीतर नोंद खोटी होईल.

त्यासोबत एक छोटी वही ठेवा. फोनमधली नोट नको, कारण नोट लिहायला फोन उघडला की नोट राहते बाजूला. वहीत चारच गोष्टी लिहा : किती वाजता, त्याच्या लगेच आधी काय झालं, त्या क्षणी मनात काय होतं, आणि नंतर कसं वाटलं. नमुना म्हणून अनेकांच्या अनुभवांवरून रचलेल्या एका वहीचं पान बघू. बँकेत काम करणारा, चाळिशी ओलांडलेला, घरी बायको आणि दोन मुलं असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा.

'सोमवार, दुपारी १:१०. साहेबांनी सगळ्यांसमोर टार्गेटबद्दल विचारलं. डबा खाताना रील्स. भाजी कुठली होती आठवत नाही. नंतर डोकं जड.'

'सोमवार, रात्री ११:४०. मुलं झोपली, हिचंही आवरलं. आत्ता कुठे कोणी काही मागत नाहीये. क्रिकेटचे व्हिडिओ. १:५० ला ठेवला. स्वतःचा राग आला.'

'बुधवार, सकाळी ६:३०. उठल्या उठल्या ऑफिसचा ग्रुप. रात्रीच चार मेसेज येऊन पडलेत. छातीत धडधड. मग तसाच इन्स्टावर.'

ही तीन टिपणं शेजारी ठेवली की दिसतं, इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी चालल्या आहेत. दुपारी अपमान गिळण्यासाठी फोन आहे. रात्री, दिवसभर न मिळालेला स्वतःचा वेळ वसूल करण्यासाठी आहे. सकाळी भीतीपासून पळण्यासाठी आहे. तिन्हींचे उपाय वेगळे. 'रोज दोनच तास वापरायचा' असा सरसकट नियम या माणसाने केला असता तर तो चार दिवसांत मोडला असता, कारण रात्रीचा तो एकमेव मोकळा तास काढून घेतल्यावर हातात काहीच उरत नाही. नोंदी शेरे मारून घेण्यासाठी नसतात. लाज वाटेल असं काही लिहिलं गेलं तर खोडू नका, समुपदेशकाला तेच जास्त उपयोगी पडतं.

कोणाकडे जायचं?

नावं सारखी वाटतात, पण कामं वेगळी आहेत.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते निदान करतात आणि औषध देऊ शकतात. झोप पार बिघडली असेल, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, लहानपणापासून लक्ष टिकत नसेल, अस्वस्थतेने हातपाय थरथरत असतील, तर सुरुवात इथूनच करा. फक्त स्क्रीनची सवय घालवणारं असं मान्यताप्राप्त औषध नाही. पण खालचं नैराश्य, चिंता किंवा एडीएचडी (लहानपणापासून लक्ष न टिकण्याचा विकार) यावर औषधं आहेत, आणि ते आटोक्यात आलं की फोनची पकड बऱ्याचदा आपोआप सैल होते.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, ते औषध देत नाहीत. ते मानसिक चाचण्या घेतात आणि थेरपी देतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला अजिबात संकोचू नका, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

समुपदेशक या शब्दाखाली मात्र सगळेच येतात. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारेही, आणि पंधरा दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारेही. म्हणून शिक्षण काय, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, व्यसन किंवा सवयींच्या प्रश्नांवर मोठ्या माणसांसोबत काम केलंय का, हे तीन प्रश्न विचाराच. 'सात दिवसांत मोबाइलमुक्ती'ची खात्री देणाऱ्याकडे जाऊ नका. हे मी ठामपणे सांगतो, कारण अशा ठिकाणी पैसे जातातच, वर 'उपचारानेही काही झालं नाही' ही निराशा पदरी पडते आणि माणूस पुन्हा दार ठोठावत नाही.

कुठे जायचं, खर्च किती?

देशात या विषयावरचं सुरुवातीचं आणि सर्वांत परिचित केंद्र म्हणजे बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतलं 'शट' क्लिनिक. तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठीची ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. दिल्लीच्या एम्समध्येही वर्तनाच्या व्यसनांसाठी क्लिनिक आहे. पण सोलापूर किंवा परभणीच्या माणसाने बेंगळुरू गाठायची गरज नाही. या प्रश्नावर काम करायला वेगळी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो दर आठवड्याला भेटू शकणारा, तुमची भाषा समजणारा जाणकार माणूस. त्यामुळे जवळचं ठिकाण निवडा.

सरकारी वाट स्वस्त आहे आणि लोकांना वाटते त्यापेक्षा चांगली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, म्हणजे पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर अशा ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांच्याही ओपीडी चालतात. 'येरवड्याला' जायचं म्हटलं की घरच्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. ओपीडीत जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे, केसपेपर काढून दाखवून घरी यायचं असतं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिला सगळे आयपीएचबी म्हणतात. सरकारी ठिकाणी अडचण गर्दीची. पहिल्यांदा अर्धा दिवस काढून जा, आणि निदान झाल्यावर 'थेरपीसाठी वेगळी वेळ मिळेल का' हे आपणहून विचारा. न विचारता फक्त गोळ्यांची चिठ्ठी हातात पडू शकते.

स्वयंसेवी संस्थांमध्ये पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, आणि ठाण्याची आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था मानसिक आरोग्यासाठी मराठी घरांत ओळखीची आहे. तिथे आधी फोन करून मोठ्यांच्या स्क्रीन-वापरासाठी कोणाला भेटायचं ते विचारून घ्या.

खासगी फी शहरागणिक आणि माणसागणिक बदलते. सेशनला काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. फोनवरच फी विचारा, कमी उत्पन्नासाठी सवलत आहे का हेही विचारा. कित्येक जण देतात, पण पाटीवर लिहीत नाहीत. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरायचं आहे. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात. सेशनचे पैसे मिळतील का हे ओपीडीचं संरक्षण घेतलंय का यावर ठरतं, तेव्हा पॉलिसीचा कागद काढून बघा. नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर एचआरकडे कर्मचारी साहाय्य योजना आहे का पाहा. त्यात काही सेशन मोफत असतात.

पहिला फोन आणि पहिलं सेशन

फोनवर काय बोलायचं या धास्तीनेच महिने जातात, म्हणून वाक्यं इथेच देतो. 'नमस्कार, मला स्वतःसाठी अपॉइंटमेंट हवी आहे. माझा मोबाइलचा वापर माझ्या ताब्यात राहिलेला नाही, त्याचा झोपेवर आणि कामावर परिणाम होतोय. मोठ्या माणसांच्या अशा तक्रारींवर तुमच्याकडे कोण काम करतं?' इतकं पुरे. पलीकडचा माणूस रोज असे फोन घेतो, त्याला याचं काहीच नवल नसतं.

पहिलं सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं. त्यात झोप, जेवण, काम, घरची माणसं, आधीचे आजार, दारू-तंबाखू, चालू औषधं असं सगळं विचारलं जातं. मोबाइलसाठी आलो आणि हे लग्नाबद्दल का विचारतात, असं वाटेल. ते बरोबरच विचारत आहेत. अश्लील व्हिडिओ, सट्टा, ऑनलाइन कोणाशी जुळलेलं नातं, असं काही असेल तर शक्यतो लवकर सांगून टाका. तिथे उपदेश होत नाही. झाला, तर समुपदेशक बदला. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवण्याचा तुमचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर अपवाद होतो, आणि चांगला समुपदेशक हा अपवाद पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगतो. बायकोने किंवा नवऱ्याने परस्पर फोन करून 'काय म्हणाले ते?' विचारलं तर त्यांना माहिती दिली जाता कामा नये.

सेशनच्या शेवटी एक ध्येय ठरवून घ्या, आणि ते मोजता येईल असं ठेवा. 'मोबाइल कमी करायचा' हे ध्येय होत नाही. 'आठवड्यातले पाच दिवस बाराच्या आत दिवा बंद' हे झालं.

पुढच्या सेशनमध्ये नेमकं काय होतं

बहुतेक ठिकाणी सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर एकत्र काम करणाऱ्या पद्धतीने जातात. आठ ते बारा सेशन लागतील असं धरून चला.

सुरुवातीला एक ओझं उतरवलं जातं : आपली इच्छाशक्तीच कमी, हे ओझं. गेल्या शतकात बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की दाणा दर वेळी न मिळता कधी मिळतो, कधी नाही, असा अनिश्चित मिळत राहिला, तर कळ दाबण्याची सवय सर्वांत चिवट होते. रील्स वर सरकवताना हेच घडतं. पुढचा व्हिडिओ कसा असेल माहीत नसतं, म्हणून अंगठा थांबत नाही. पान संपण्याची जागाच काढून टाकणारं न संपणारं स्क्रोलिंग २००६ मध्ये अझा रास्किन यांनी तयार केलं, आणि पुढे त्याच्या परिणामांबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. तुमच्या अंगठ्याला थांबा मिळू नये अशीच ही रचना आहे. याचा अर्थ जबाबदारी तुमची नाही असा होत नाही. पण स्वतःला शिव्या घालून प्रश्न सुटत नाही, कारण शिव्या घातल्यावर जे वाईट वाटतं ते विसरायला माणूस पुन्हा फोनच उचलतो.

नंतर तलफेवर काम होतं. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा जवळून पाहू. समुपदेशकाच्या खोलीत दोघांच्या मधल्या टेबलावर तुमचा फोन, स्क्रीन वर करून. आवाज चालू. बोलता बोलता टिंग वाजतं. नजर जाते, हात किंचित हलतो.

'थांबा,' समुपदेशक म्हणतात. 'उचलू नका. आत्ता शरीरात कुठे काय होतंय ते फक्त सांगा.'

'काही नाही... बोटं. बोटांत काहीतरी होतंय. आणि इथे, छातीपाशी.'

'दहापैकी किती?'

'सात. ऑफिसचं असेल तर?'

'असू शकेल. अजून जरा बसू. आता किती?'

'सातच. आठ.'

मिनिटं जातात. दोघं दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत, फक्त अधूनमधून आकडा विचारला जातो. आठ, सात, पाच. थोड्या वेळाने तीन. फोन तिथेच असतो, मेसेज न वाचलेलाच असतो. इथे माणसाला पहिल्यांदा अंगाने कळतं की तलफ पावसाच्या सरीसारखी असते, जोरात येते आणि आडोशाला थांबलं तर ओसरते. पुस्तकात वाचून हे पटत नाही, करून बघितल्यावर पटतं. घरी करायचा अभ्यासही हाच : दिवसातून एकदा, ठरवून, तलफ आल्यावर फोन न उचलता दहा मिनिटं बसायचं आणि आकडे वहीत लिहायचे. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते. ती अपेक्षित आहे, तिला घाबरू नका.

तिसरं काम आजूबाजूच्या रचनेचं. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर. उठायला साधं गजराचं घड्याळ. माणसांचे सोडून बाकी सगळे नोटिफिकेशन बंद. सगळ्यात ओढणारं अ‍ॅप फोनवरून काढून फक्त लॅपटॉपवर. स्क्रीन काळी-पांढरी करणं काहींना फार उपयोगी पडतं, काहींना अजिबात नाही, आठवडाभर करून बघा. वेळेची मर्यादा घालणारी अ‍ॅप मला दुय्यम वाटतात, कारण 'आज सोडून दे' हे बटण दाबायला क्षण पुरतो. चार्जर दिवाणखान्यात असेल तर अंथरुणातून उठावं लागतं, आणि तेवढ्या वेळात माणूस विचार करतो.

चौथं काम रिकाम्या झालेल्या वेळाचं, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. फोन बाजूला ठेवल्यावर हाती येणारा तास भयाण वाटतो. त्यामुळे तो तास आधी भरायचा आणि फोन नंतर काढायचा, हा क्रम पाळा. वहीतल्या त्या बँकवाल्या माणसासाठी उपाय असा निघू शकतो : आठवड्यातले तीन दिवस रात्री साडेनऊ ते साडेदहा हा वेळ घरच्यांनी त्याला मोकळा द्यायचा. मुलांचं बायको बघेल, आणि उरलेल्या दिवशी तो तिला तेवढाच वेळ देईल. त्या तासात तो कॅरम खेळेल, सोसायटीत चक्कर मारेल, जुन्या मित्राला फोन लावेल, नाहीतर नुसता गॅलरीत बसेल. स्वतःचा वेळ साडेनऊला मिळाला की तो पावणेबाराला चोरावा लागत नाही. दुपारच्या अपमानासाठी वेगळं काम, म्हणजे साहेबांशी बोलायचं कसं याचा सेशनमध्येच सराव. सकाळच्या धडधडीसाठी ऑफिसचा ग्रुप रात्री नऊ ते सकाळी आठ म्यूट, आणि खरंच तातडीचं असेल तर फोन करा, असं टीममध्ये एकदा सांगून ठेवणं. हे सांगताना आजाराचं कारण द्यायची गरज नाही.

यासोबत विचारांवरही काम चालतं. 'मी लगेच उत्तर दिलं नाही तर लोक नाराज होतील', 'आजचा दिवस वायाच गेलाय, आता काय फरक पडतो' अशी वाक्यं मनात इतकी रुळलेली असतात की ती खरी आहेत का हे कधी तपासलेलंच नसतं. ती लिहून काढून तपासायला शिकवतात.

घरच्यांनी काय करावं, काय करू नये

'अहो, ठेवा तो फोन' हे दिवसातून दहा वेळा म्हटल्याने कोणाचाच फोन सुटलेला नाही. पासवर्ड काढून घेणं, रात्री फोन लपवणं, पाहुण्यांसमोर विषय काढणं यातून फक्त लपवाछपवी वाढते. मोठ्या माणसावर पहारा ठेवला की तो बाथरूममध्ये फोन नेतो. त्यापेक्षा समुपदेशकाला विचारून एखाद्या सेशनला जोडीने जा आणि घरासाठी एखादाच नियम ठरवा, जो आजीपासून नातवापर्यंत सगळे पाळतील. ताटावर फोन नाही, हा सुरुवातीला बरा.

सगळ्यांनी मिळून केलं की एकट्यावरचा भार कमी होतो, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. कारण मुलांच्या अभ्यासाचं होतं, पण स्क्रीन बाजूला ठेवावी लागली मोठ्यांनाही. गावात जमलं ते घराला किंवा सोसायटीच्या एका मजल्यालाही करून बघता येईल.

जोडीदाराला स्वतःसाठीही बोलायला माणूस लागतो, हे विसरलं जातं. महिनोन् महिने समोरच्याची पाठ आणि त्यापलीकडचा निळसर उजेड पाहत झोपलेल्या माणसाचा राग खरा असतो. त्या रागासाठी वेगळं सेशन घेणं हा उधळेपणा नाही.

गेम आणि सट्ट्यात पैसे गेले असतील तर

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. तरी ओढ कायद्याने जात नाही, आणि बंदीनंतर परदेशी किंवा चोरट्या साइटकडे वळायचा धोका असतो. आयसीडीमध्ये जुगाराचा विकार स्वतंत्र नोंदलेला आहे, त्यामुळे इथे थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. उपचारासोबत पैशांची नाडी काही काळ विश्वासू माणसाच्या हातात द्या : यूपीआयची मर्यादा कमी करा, क्रेडिट कार्ड बंद करा, कर्जाच्या अ‍ॅपचे आकडे एका कागदावर खरे खरे मांडा. हरलेले पैसे खेळूनच परत मिळवण्याचा विचार येईलच. तो आला की त्याच दिवशी समुपदेशकाला सांगा.

स्लिप झाली तर

होते. गणपतीची सुट्टी, आजारपण, नोकरी जाणं, जवळच्या माणसाचा मृत्यू, अशा वेळी जुनी सवय उसळी मारते. एका रात्री तीनपर्यंत फोन बघितला म्हणून सगळं मुसळ केरात गेलं असं नाही. वही उघडा आणि आधीच्या चार गोष्टी लिहा. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळीच उठा, दुपारी झोपू नका, आणि पुढच्या सेशनला टांग मारू नका. लाजेने सेशन चुकवणं हे स्लिपपेक्षा जास्त घातक ठरतं. चौथ्या-पाचव्या सेशननंतरही वहीतल्या नोंदींत काहीच हललं नसेल तर ते समुपदेशकाला तोंडावर सांगा. निदान पुन्हा तपासायचं, पद्धत बदलायची की माणूस बदलायचा, हे दोघांनी मिळून ठरवता येतं. माणूस बदलणं हा कोणाचा अपमान नाही.

औषधं चालू असतील तर बरं वाटायला लागलं म्हणून ती मनाने बंद करू नका. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच. सेशन एकदम थांबवण्याऐवजी आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी असे लांबवत न्या. शेवटच्या नियमित सेशनला समुपदेशकासोबत बसून एका कागदावर उतरवून घ्या : माझ्या बाबतीत गाडी घसरायला लागल्याची पहिली खूण कोणती, ती आधी कोणाला दिसते, आणि दिसल्यावर त्या माणसाने मला काय म्हणायचं. त्याची एक प्रत त्या माणसाला द्या. दुसरी केसपेपर, नोंदींची वही आणि चाचण्यांच्या कागदांसोबत फाइलला लावा. दोन वर्षांनी पुन्हा कोणाकडे जावं लागलंच, तर पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागणार नाही.